दंडाची जवारी

सकाळी साडेसहाला मिरजेच्या त्या व्यायामशाळेत वीस-बावीस माणसं वजनं उचलत असत आणि प्रत्येकाच्या दोन्ही दंडांवर नादबाही चढवलेली असे. बाहीचा आवाज मात्र सगळ्यांनी बंद करून ठेवलेला. चालू ठेवणाऱ्या एकट्याच, हमीदाचाची शिकलगार. वय एकसष्ट, हातात दोन किलोचं डंबेल.

नादबाही म्हणजे दिसायला दंडापासून मनगटापर्यंतची साधी कापडी बाही. स्नायू ताणला की त्याचे तंतू थरथरतात आणि अगदी खर्जात गुणगुणतात. ते आपल्या कानाला पोचत नाही. बाही ती गुणगुण टिपते, वरच्या सुरात वाजवून दाखवते आणि स्नायू किती थकला ते मनगटावरच्या दिव्यानं सांगते. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे बेतानं, लाल म्हणजे मुकाट्यानं खाली ठेवा. समोर दिवा असताना ती भुणभुण कोण ऐकत बसणार?

चाची ऐकायच्या, कारण त्यांचा जन्मच ऐकण्यात गेला होता. चाळीस वर्षं त्यांनी तंबोऱ्यांना जवारी लावली. तारेखालची घोडी कानशीनं घासत अशा बेताला आणायची, की तार छेडली की सूर फुलून यावा. त्या फुलण्यालाच जवारी म्हणतात. गेल्या वर्षी त्या घसरून पडल्या, मनगट मोडलं आणि हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं. कानस हातात ठरेना. डॉक्टर म्हणाले, हाडांना वजन द्या.

चाचींनी ते मनावर घेतलं, जरा जास्तच. रोज यायचं आणि रोज अर्धा किलो वाढवायचा. दहाव्या दिवशी केसांत फणी फिरवायला हात वर जाईना. तेव्हा व्यायामशाळेचा शिक्षक भरतेश मगदूम त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"चाची, जवारी एका बैठकीत लावता काय?"

"छे! घोडी फुकट जाईल. थोडं घासायचं, ठेवून द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत ऐकायचं."

"मग हाडामासाला तेवढी सवड नको?"

त्यानं सगळं नव्यानं बसवून दिलं. एकाआड एक दिवस यायचं. डंबेल छातीशी धरून उठाबशा, वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, खांद्यापासून डोक्यावर नेणं. प्रत्येक प्रकार आठ वेळा, दोन फेऱ्या. आठव्या खेपेचा सूर पहिल्या खेपेइतकाच भरीव लागला, तरच पुढच्या वेळी वजन वाढवायचं. हा शेवटचा नियम दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. चाचींना मात्र तो एका दमात पटला. चार महिन्यांत कानस हातात ठरली. तेव्हापासून भरतेशचं नाव घेतल्याशिवाय त्यांची दुवा पुरी होत नसे.

एका शुक्रवारी भरतेश खुशीत होता. "परवा राज्य स्पर्धा, चाची. एकशे दहा किलो डोक्यावर. आज जरा माझ्या दंडाची जवारी ऐका की!" गमतीगमतीत त्यानं आवाज चालू केला आणि साठ किलोची बार वर नेली.

उजवा दंड भरून वाजला. डाव्यातूनही सूर आला, पण मधेच टकटक, तारेखाली कचरा अडकल्यावर येते तशी. बार खाली ठेवली तरी टकटक थांबेना. दिवा दोन्हीकडे हिरवा.

"भरतेश, तुझ्या डाव्या हातात खोट आहे," चाची सगळ्यांसमोर बोलून गेल्या.

"दिवा हिरवा आहे, चाची."

"दिवा थकवा बघतो. हा थकवा नव्हे. हात रिकामा असतानाही वाजतोय. हातातनं वस्तू सुटतात का रे?"

"गाडीची किल्ली," तो पुटपुटला, "दोनदा." आणि एकदम उसळला, "स्पर्धेच्या तोंडावर कसलं अभद्र बोलताय! तुम्ही तंबोऱ्याच्या बाई, डॉक्टर नव्हे."

चाचींना वाटलं, ज्यानं आपल्याला हात परत दिले, त्याच्याच हाताला आपण नावं ठेवली. चूक निघाली तर पोराची वर्षभराची मेहनत एका म्हातारीच्या कानापायी जाणार होती. तरी त्या हटल्या नाहीत. "आजच्या आज तपासून ये. काही निघालं नाही, तर या मिरजेत मी पुन्हा तंबोऱ्याला हात लावणार नाही."

तो गेला, पाय आपटत. संध्याकाळी कळलं, मानेच्या दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जारज्जूवर दाबत होती. एकशे दहा किलो डोक्यावर गेले असते, तर कदाचित हातपाय कायमचे लुळे पडले असते, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी शस्त्रक्रिया झाली.

दोन महिन्यांनी भरतेश मानेला पट्टा लावून आला आणि वाकता येत नव्हतं म्हणून त्यानं चाचींचे दोन्ही हात कपाळाला लावले. "आधी विचारलं असतंत, 'खोट निघाली तर सांगू का', तर मी नकोच म्हणालो असतो. बरं झालं विचारलं नाहीत." दोघांचेही डोळे भरून आले.

गावात बोलबाला झाला. बाह्यांचे बंद आवाज चालू झाले आणि चाचींपुढे लोक रांग लावू लागले. हौसेनं हात दाखवून अवलक्षण करून घेणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. त्यांतच एक गृहस्थ आपल्या होणाऱ्या जावयाला घेऊन आले.

"पुढल्या आठवड्यात साखरपुडा. पत्रिका जुळली, नोकरी बघितली. आता एवढा दंड ऐका, म्हणजे आम्ही निर्धास्त."

मुलगा हसत होता, पण बाही चढवताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या सासऱ्यांकडे बघत होता. आवाज सुरू व्हायच्या आत चाचींनी बाहीवर तळवा दाबला. भरतेशला विचारलं असतं, तर तो आज अंथरुणात असता. आणि या मुलाला न विचारता ऐकलं, आणि त्यातनं लग्नच मोडलं तर?

चाचींनी सासऱ्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं. मग मुलाकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाळा, हात तुझा आहे. ऐकू का? आणि काही ऐकू आलं, तर कुणाला सांगू?"