भयकुलूप

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर निळसर धातूचं एक पिस्तूल ठेवलं होतं आणि निवृत्त न्यायमूर्ती दिनकर घाटे हात पाठीमागे बांधून त्याच्याकडे पाहत उभे होते.

"उचला ना, साहेब," डॉ. शरयू देवतळे म्हणाली. "चाप ओढून बघा. गोळ्या भरलेल्या आहेत."

"भरलेल्या आहेत म्हणूनच उचलत नाही."

शेजारी उभ्या असलेल्या मुकुंद उमाठ्यांना हसू आलं. केंद्राचे मुख्य अभियंता तेच. त्यांनी पिस्तूल उचललं, खोलीच्या टोकाला रचलेल्या वाळूच्या पोत्यांवर रोखलं आणि चाप ओढला. टिक् असा बारीक आवाज झाला. त्यांनी पुन्हा ओढला, आणखी एकदा ओढला. गोळी काही सुटली नाही.

"उमाठे घाबरलेले नाहीत, म्हणून," शरयू म्हणाली.

नागपूरच्या शरीरभाव संशोधन केंद्रात गेली सहा वर्षं ती याच एका गोष्टीमागे होती. शहराबाहेरच्या विरळ वस्त्यांतल्या घरांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र द्यायचं सरकारच्या मनात होतं. पण शस्त्र घरात आलं की ते चोरापेक्षा शेजाऱ्यावर, भावावर, बायकोवर जास्त वेळा उगारलं जातं, हेही सरकारला ठाऊक होतं. त्यावर घाटे समिती नेमली होती, आणि समितीला शरयूचं उत्तर होतं भयकुलूप.

"भीती वाटली की छाती धडधडते," घाटे म्हणाले. "राग आला तरी धडधडते. तुमच्या पिस्तुलाला फरक कसा कळणार?"

"तो फरक आपल्या भाषेला केव्हाच कळलाय, साहेब. भीतीनं माणसाचे हातपाय गार पडतात आणि रागानं माणूस तापतो, असं आपण म्हणतोच ना? ते अक्षरशः खरं आहे. जीव जाईल असं वाटलं की शरीर बोटांतलं रक्त काढून घेतं आणि पायांच्या मोठ्या स्नायूंकडे पाठवतं, पळता यावं म्हणून. बोटं गार पडतात. रागात उलटं होतं. रक्त हातांकडे धावतं, मारता यावं म्हणून. या मुठीत बाराशे संवेदक आहेत. बोटांची ऊब, घाम, थरथर, नाडी, सगळं मोजून ते एक आकडा काढतात. त्याला आम्ही भयांक म्हणतो. तो सत्तरच्या वर गेला, तरच कुलूप उघडतं."

"आणि एकदा उघडलं की उघडंच?"

"नाही. सत्तरच्या खाली आला की तीन सेकंदांत पुन्हा बंद. पळणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घालता येऊ नये म्हणून."

घाट्यांनी चष्मा काढून पुसला. "मूठ घरमालकालाच ओळखेल अशी का नाही केली?"

याचं उत्तर उमाठ्यांनी दिलं. "घामेजल्या बोटांचे ठसे जुळत नाहीत, साहेब. आणि संकटाच्या वेळी घरात मालकच असेल कशावरून? स्वयंपाकाच्या बाई असतील, पाहुणा असेल. म्हणून ठरवलं, माणूस ओळखायचा नाही, भय ओळखायचं."

"आणि चोरानंच हिसकावून घेतलं तर?"

"चोर भ्यालेला नसतो," शरयू म्हणाली. "तो भीती घालायला येतो. त्याच्या हातात हे नुसतं लोखंड."

हे तिनं जरा जास्तच झटकन म्हटलं. उमाठे खाली पाहू लागले. सात वर्षांपूर्वी तिच्या घरात शिरलेल्या कुणीतरी तिच्या नवऱ्याला, रमाकांतला, जिन्यावरून ढकललं होतं. रमाकांत गेला. ढकलणारा कधीच सापडला नाही.

कायद्याचा मसुदा करताना घाट्यांनी कलम नऊपाशी लेखणी थांबवली. प्रत्येक पिस्तुलात घटनालेख असणार होता. कुणाच्याही हातात असताना क्षणोक्षणीचा भयांक त्यात आपोआप नोंदला जाई. तोच न्यायालयात पुरावा. "'भयांक सत्तरच्या वर असताना घरमालकाने झाडलेली गोळी स्वसंरक्षणार्थ झाडली असे मानावे'," त्यांनी वाचलं. "ठीक?"

"'घरमालकाने' नको," शरयू म्हणाली. "'जो कोणी' लिहा. उद्या त्या स्वयंपाकाच्या बाईंना शिक्षा व्हायला नको."

घाट्यांनी शब्द बदलला.

कायदा आला. दोन वर्षांत विदर्भात नऊ हजार घरांत भयकुलपाची पिस्तुलं गेली. अकरा वेळा गोळी सुटली. गोळी सुटली की घटनालेख केंद्राकडे येई आणि तो अचूक असल्याचं प्रमाणपत्र शरयू आपल्या सहीनं देई. अकराही जण निर्दोष सुटले. त्यात सत्तरीच्या एक बाई होत्या, एक शाळामास्तर होते. भांडणात कुणी कुणावर पिस्तूल रोखल्याच्या तक्रारीही आल्या, पण त्यातल्या एकाही वेळी गोळी सुटली नाही. वर्तमानपत्रांनी शरयूला डोक्यावर घेतलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला ती आपल्या बेडरूममध्ये झोपली होती. शहराबाहेरच्या त्या वसाहतीत सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात चिटपाखरू नव्हतं. घरं एकमेकांपासून लांब, सगळ्यांच्या खिडक्या बंद आणि घराघरांतून कूलरची घरघर. त्या घरघरीत कुणी दार ठोठावलं तरी ऐकू येत नाही.

तिला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे.

बाहेरच्या खोलीतला कूलर बंद पडला होता. वीज गेली असेल असं वाटून तिनं वर पाहिलं. पंखा फिरत होता.

ती तशीच पडून राहिली. मग बाहेर पत्रा घासल्याचा आवाज झाला, कुणीतरी मोठं धूड हळूहळू बाजूला सरकवावं तसा. खिडकीला लावलेला कूलर बाहेरून ओढला जात होता. पाणी सांडलं. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग ओल्या पायांनी फरशीवर उतरल्याचा चपकन आवाज.

फोन बाहेरच्या टेबलावर होता. खिडकीला जाळी होती. रमाकांत पडला तेव्हा झालेला आवाज, नऊ वर्षांत तिनं जो स्वतःला ऐकू दिला नव्हता, तो तिला लख्ख ऐकू आला. उशाचा खण उघडताना कडी हातातून दोनदा सुटली. भयकुलपाचं पिस्तूल हातात आलं तेव्हा ते तिला गार लागलं नाही. तिची बोटंच त्याहून गार होती.

मुठीत बारीकसा खटका जाणवला. कुलूप उघडलं होतं.

पावलं कपाटापाशी थांबली, पुढं निघाली, दाराशी आली. दार ढकललं गेलं.

तिशीचा, हडकुळा माणूस होता. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात स्क्रू काढायचा लांब पेचकस. आत कुणी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिला पाहताच तो जागच्या जागी थिजला.

"खाली टाक ते," शरयू म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पेचकस फरशीवर पडला. "बाई, जाऊ द्या मले," तो म्हणाला. "मी काई नाई घेतलं. दार ठोकलं, कोनी नाई आलं. घर खाली आहे समजलो."

"बस. गुडघ्यांवर."

तो बसला. दोन्ही हात वर, डोळे पिस्तुलाच्या तोंडावर. शरयू पलंगावरून उतरली आणि एक पाऊल पुढं आली. तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. पाय स्थिर झाले. तिला वाटलं, आता दाराकडे सरकावं, फोन घ्यावा. पण ती गेली नाही.

"तोंडावरचं काढ."

त्यानं दुपट्टा खाली ओढला. चेहरा साधाच होता, घामानं निथळणारा.

"या घरात आधी आला होतास?"

"नाई बाई."

"नऊ वर्षांपूर्वी?"

"मी तवा सुरतले होतो, कामाले. पाय लागतो तुमच्या, पोलीस बोलवा, पण..."

"खोटं बोलू नकोस. इथं जिना आहे. वरच्या पायरीवर एक माणूस उभा होता."

"कोन मानूस? मले नाई मालूम, बाई."

त्याचा उजवा हात खाली आला, छातीकडे वळला. शरयूनं चाप ओढला.

टिक्.

तो आवाज दोघांनीही ऐकला. क्षणभर दोघं एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. समोरच्या माणसाचे डोळे विस्फारले. ही बाई पोलिसांना बोलावणार नाही, मारणारच आहे, हे त्याला त्या आवाजानं कळलं. ती दुसऱ्यांदा ओढणार एवढ्यात त्यानं जिवाच्या आकांतानं उडी मारली, तिचं मनगट पिरगळलं आणि पिस्तूल हिसकावून तो भिंतीशी सरकला.

शरयू निमिषभरही कचरली नाही. चोराच्या हातात ते नुसतं लोखंड, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं फरशीवरचा पेचकस उचलला आणि ती सरळ त्याच्या अंगावर गेली.

"पुढं नका येऊ, बाई," तो ओरडला.

तिला त्याच्या हातांची थरथर दिसली. त्या थरथरीचा अर्थ तिला कळायला हवा होता. कळला तो गोळी उजव्या खांद्यातून आरपार गेल्यावर.

चौथ्या दिवशी उमाठे दवाखान्यात आले. शरयू उशीला टेकून बसली होती. दाराबाहेर खुर्चीवर पहिल्या दिवसापासून एक पोलीस शिपाईबाई बसलेल्या होत्या. त्यांच्यामुळे शरयूला जरा झोप लागे. तो माणूस कुठं आहे, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"पोलीस कोठडीत आहे," उमाठ्यांनी न विचारताच सांगितलं. "सुखदेव काळबांडे नाव. पळाला नाही, मॅडम. त्याच्याच दुपट्ट्यानं त्यानं तुमचा खांदा आवळून बांधला. रुग्णवाहिकेला फोनही त्यानंच केला, तुमच्या फोनवरून." ते थांबले. "सुरतेच्या गिरणीतली त्याची हजेरी पोलिसांनी तपासली. खरं सांगत होता."

शरयूनं डाव्या हातानं खांद्यावरची पट्टी चाचपली.

"घटनालेख आलाय," उमाठे म्हणाले. त्यांच्या हातात एकच कागद होता. "दोन वाजून सतरा मिनिटं. भयांक अठ्ठ्याऐंशी, कुलूप उघडलं. दोन अठरा. बावन्न, कुलूप बंद."

"तो गुडघ्यांवर बसला तेव्हा," ती म्हणाली. "साहजिक आहे. शस्त्र हातात असलं की भीती कमी होते."

"हो. हे आपल्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं." उमाठ्यांनी कागद थोडा लांब धरला. "दोन वीस. भयांक तेवीस. चाप ओढला, गोळी अडली."

"तेवीस?"

"बोटांची ऊब नेहमीपेक्षा दोन अंशांनी जास्त."

"त्यानं हात छातीवरच्या खिशाकडे नेला होता, उमाठे."

"डोळ्यांत घाम जात होता, पुसायला गळ्यातला दुपट्टा ओढत होतो म्हणतो. पण तो खिशाकडे गेला असं तुम्हाला वाटलं असतं, तरी आकडा वर चढला असता. चढला नाही. उतरतच होता." "आणि दोन एकवीस. मूठ दुसऱ्याच्या हातात. सत्त्याण्णव. कुलूप उघडलं. आजवरच्या सगळ्या नोंदींत इतका मोठा आकडा मी पाहिलेला नाही."

शरयू भिंतीकडे पाहत होती. तिच्या कुलपानं बरोबर काम केलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. हात वर करून गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला तिच्यापासून वाचवलं होतं. आणि मग ती पेचकस घेऊन धावली, तेव्हा त्या घरात जो जिवाच्या भीतीनं थरथरत होता, त्याला गोळी झाडू दिली होती.

उमाठ्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मुठीत रक्त गेलं होतं. लेख वाचण्याजोगा राहिला नाही, असं मी लिहून देऊ शकतो. आकडे फक्त मी पाहिलेत."

"रक्त गेलं की लेख बिघडतो, असं?"

"असं लिहिता येईल."

"त्या अकरांपैकी किती पिस्तुलांवर रक्त होतं?"

दोघांनाही माहीत होतं. नऊ. त्या सत्तरीच्या बाईंचं पिस्तूलही त्यात. रक्तानं लेख बिघडतो असं एकदा लिहिलं की ते सगळे खटले पुन्हा उभे राहणार होते.

"कलम नऊ वाचा," शरयू म्हणाली.

"तुम्हाला पाठ आहे."

"तुम्ही वाचा."

"'जो कोणी...'" उमाठे तिथंच अडखळले. "घरफोडीची शिक्षा त्याला होईल. गोळीची नाही."

"आणि चाप ओढल्याची मला?"

उमाठ्यांची नजर दाराकडे गेली आणि पटकन परत आली. शरयूनं ती पाहिली. चार दिवस दाराशी बसलेल्या शिपाईबाई कुणाला आत येऊ न देण्यासाठी बसलेल्या नव्हत्या. कुणीतरी बाहेर जाऊ नये म्हणून बसल्या होत्या. अंगावर सर्रकन काटा आला, कूलर थांबल्यावर आला होता त्याहून मोठा. या वेळी घरात शिरलेलं कुणी नव्हतं, आणि उशाचा खण उघडून उपयोग नव्हता.

तिनं डावा हात पुढं केला. उमाठ्यांनी नाइलाजानं पेन दिलं. 'घटनालेख अचूक आहे' या ओळीखाली तिनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. बारावी.

"हे घाटेसाहेबांकडे आणि न्यायालयात, दोन्हीकडे पाठवा," ती म्हणाली. "आणि जाताना त्या बाईंना आत पाठवा. मला जबाब द्यायचा आहे."