डाव्या सीटवरची थंडी

देवीलाल राठोडनं ट्रक माझ्या गॅरेजसमोर उभा केला तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच पत्र्यावर आलं होतं. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीचा हिवाळा. दारव्ह्याला थंडी पडते, पण तिचं कुणी फार मनावर घेत नाही. एक घोंगडी, दारात चार काटक्यांची शेकोटी, की भागलं. म्हणून देवीलाल खाली उतरून जे बोलला त्याचं मला हसू आलं.

"मुख्तारभाई, केबिन गरम होत नाही. हीटर पाहून द्या."

"हीटर? अरे, होळी झाली का याच केबिनमंधी भाजून निघशील तू. मंग कोणाले सांगशील?"

तो हसला नाही. कानाला मफलर गुंडाळलेला, ओठ काळेनिळे. उन्हात उभा असून कुडकुडत होता.

त्याचा ट्रक लष्करानं महायुद्धानंतर लिलावात काढलेल्यांपैकी होता. थंड मुलखासाठी बांधलेला, त्यामुळे डॅशबोर्डखाली हीटरची पेटी. आमच्या भागातले ड्रायव्हर त्या पेटीवर पाय ठेवून बसायचे, दुसरा उपयोग कुणाला माहीत नव्हता. मला होता, कारण लढाईच्या वर्षांत मी जबलपूरला लष्कराच्या वर्कशॉपात होतो. रचना साधी असते. इंजिनात तापलेलं पाणी रबरी नळीनं पेटीत येतं, पंखा त्यावरून वारा मारतो, आणि ऊब देऊन झाली की पाणी दुसऱ्या नळीनं परत जातं.

देवीलाल झरी जामणीच्या जंगलातून सागवान आणायचा. तांडा दारव्ह्याजवळच. एरवी त्याच्यासोबत धाकटा भाऊ असायचा, भीमसिंग. विशी ओलांडलेला, दांडगा, सदा गुणगुणणारा. तो दिसला नाही म्हणून मी विचारलं.

"गेला," देवीलाल म्हणाला. "दिवाळी झाली अन् गेला. हिवताप."

बॉनेट उघडलं आणि कामाला लागलो.

इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून फेकला होता. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आमच्याकडे सगळेच काढतात, आणि मग हिवाळ्यात इंजिन तापायचं नाव घेत नाही. भंगारातल्या एका गाडीचा माझ्याकडे होता, तो बसवला. पेटी सोडवून सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली. विटेच्या रंगाचा गाळ निघाला, घमेलंभर. नळ्यांत अडकलेली हवा काढली. तळाच्या फळ्यांतल्या फटींत तरट ठोसलं. एवढं केल्यावर कोणतीही केबिन तापलीच पाहिजे.

दुपारी इंजिन चालू करून चांगलं तापू दिलं आणि केबिनमध्ये चढलो. बाहेर होती त्यापेक्षा आत थंडी जास्त होती. विहिरीत उतरल्यावर लागते तशी, ओल्या मातीच्या वासाची.

खाली उतरून नळ्या चाचपल्या. पेटीत जाणाऱ्या नळीला बोट टेकवत नव्हतं. परत येणारी नळी गारठलेली. पेटी अजून चोंदलेली असेल, असं म्हणून मी परतीची नळी सुटी केली.

अंगठ्याएवढी धार जोरात बाहेर आली. अडथळा कुठेच नव्हता. भाजेल म्हणून मी सवयीनं मागे सरलो, पण पाणी पायावर उडालं आणि भाजलं नाही. धारेखाली हात धरला तर कळ कोपरापर्यंत गेली.

मी ती धार बघत उभा राहिलो. पेटी चोंदली असती तर पाणी थांबलं असतं. पाणी थांबत नव्हतं. उकळतं पाणी वीतभर पेटीत शिरत होतं आणि दुसऱ्या तोंडानं बर्फासारखं होऊन निघत होतं. म्हणजे हीटर चालत होता. चांगला चालत होता. इंजिनाची सगळी ऊब तो केबिनमध्ये देत होता… आणि तिथं ती कुणीतरी घेत होतं.

मी इंजिन बंद केलं. नळी परत जोडली.

हॉटेलातून चहा मागवला. देवीलालनं उकळता ग्लास डाव्या हातात घेतला, मुठीत घट्ट धरला आणि तसाच बसून राहिला. मला फडक्याशिवाय ग्लास धरवत नव्हता. मी त्याचा हात पाहिला. नखं जांभळी, बोटं मेणासारखी पांढरी.

"हाताले काय झालं रे?"

त्यानं ग्लास खाली ठेवून हात अंगावरच्या घोंगडीत लपवला. मग खूप हळू म्हणाला, "सीटवर ठेवतो, मुख्तारभाई. डाव्या सीटवर. चालवता चालवता. हात ठेवला का तेचं कुडकुडणं थोडं कमी होते."

"कोणाचं?"

त्यानं ट्रकच्या डाव्या दाराकडे पाहिलं.

मग त्यानं सांगितलं. माल भरून झरीहून निघाले होते. वाटेत भीमसिंगला हुडहुडी भरली. देवीलालनं बारदान, ताडपत्री, स्वतःचं धोतर, जे होतं ते त्याच्या अंगावर टाकलं. हीटरचा नळ उघडला तर पेटीतून कोमट वारा यायचा, फुंकर मारल्यासारखा. भीमसिंग आपल्या भियाला, थोरल्या भावाला, एकच बोलत राहिला, "भिया, थंडी वाजते… भिया, थंडी वाजते…" यवतमाळच्या दवाखान्याचा रस्ता अजून बराच बाकी होता. मध्येच तो बोलायचा थांबला. देवीलालला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं त्याला. त्यानं गाडी हळू केली, झोपमोड नको म्हणून.

"लग्न नव्हतं झालं तेचं," देवीलाल म्हणाला. "आमच्यात अशाले जाळत नाहीत, पुरतात. थंड जमिनीत ठेवला मी तेले. अग्नी भेटला असता तं…"

त्यानं मफलर तोंडावर ओढून घेतला.

"हे पाह्य," मी म्हटलं, "हिवतापाची थंडी अंगाच्या आतून असते. तुह्या हीटरनं काही झालं नसतं. तुह्या हातची गोष्टच नव्हती ते."

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "पण तेले कुठं माहीत हाये?"

मंडळी, कंदील जरा इकडे सरकवा. त्या दुपारचं सांगताना अजून माझ्या मानेवर काटा येतो.

मी हट्टी माणूस. स्वतः चालवून बघतो म्हटलं. यवतमाळच्या रस्त्यानं निघालो, देवीलाल मागे हौद्यात बसला. डावी सीट रिकामी. दोन्हीकडे वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, लख्ख ऊन, समोरून येणाऱ्या बैलगाड्या. भिण्यासारखं काही नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर डावीकडून आवाज यायला लागला. बारीक, भरभर, टकटकटक… मला वाटलं, दाराचा एखादा बोल्ट सैल असेल. दाराला हात लावून पाहिला. आवाज चालूच. डॅशबोर्ड दाबला. चालूच. शेवटी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

इंजिन थांबलं, पंखा थांबला. कुठंतरी होला पक्षी घुमत होता.

टकटकटकटक…

दातावर दात वाजत होते. माझ्या कानापासून हातभर अंतरावर. मध्येच थांबायचे, एक लांब, ओला श्वास यायचा, आणि पुन्हा सुरू. सीटचा रेक्झीन दहिवरानं भिजलेला होता. मी बघत असताना तो मधोमध दबला, कुणीतरी अंग चोरून माझ्याकडे सरकावं तसा.

मी दार उघडून रस्त्यावर उडी टाकली. पाय मुरगळला, तेही नंतर कळलं.

देवीलाल हौद्यातून उतरला. माझा चेहरा पाहून म्हणाला, "ऐकलं ना? आता काय करू सांगा. याहून मोठा हीटर भेटीन का कुठं?"

"गाडी सोड, देवीलाल. इथंच सोड अन् घरी जा. बायको माहेरी बाळंतपणाले गेली ना तुही? लेकरू येऊन राह्यलं घरात. तेचा तं विचार कर."

"अन् हा? याले एकट्याले सोडू रस्त्यावर?"

"तो नाही राह्यला आता."

"तुम्ही ऐकलं, मुख्तारभाई," तो म्हणाला. "ऐकून असं काहून म्हणता?"

तो स्टेअरिंगवर बसला. डावा हात त्यानं सीटवर ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. दात वाजायचे हळूहळू कमी झाले. आणि देवीलालचे वाजायला लागले. मी स्वतः पाहिलं ते. रस्त्यावर, उन्हात उभा राहून पाहिलं.

त्यानं मला गॅरेजवर सोडलं. मी हौद्यातच बसून आलो. निघताना म्हणाला, "उद्या दवाखान्यात नेऊन पाहतो तेले. तवा पोचलोच नव्हतो ना." मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय, दोन दिवसांनी तांड्यावर जाऊन त्याच्या आईशी बोलावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यवतमाळहून आलेल्या एका ड्रायव्हरनं निरोप दिला. देवीलालचा ट्रक दवाखान्याच्या फाटकापाशी उभा होता, आणि देवीलाल त्यात मेला होता.

मिळेल त्या मोटारीनं गेलो. त्याला आत एका बाकावर ठेवलं होतं. इतकं थंड शरीर मी कधी हाताळलं नव्हतं. दोन्ही हात पुढे केलेले, तळवे उघडे, सगळं देऊन झाल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, थंडीनं हृदय बंद पडलं असावं, पण एवढी थंडी पडली कुठं तेच कळत नाही.

फाटकावर रामराव नावाचा म्हातारा पहारेकरी होता. त्याला म्हटलं, "गाडी इथवर आणली अन् मंग जीव गेला म्हणायचा."

"तेनं नाही आणली," रामराव म्हणाला. "तो तं डाव्या सीटवर होता. ड्रायव्हर दुसरा होता ना."

"दुसरा कोण?"

"तरणा होता. उतरला अन् म्हणे, भियाले आणलं, लवकर पाहा. मी स्ट्रेचर आणाले पळालो. आलो तं गायब."

"दिसाले कसा होता?"

"घामानं निथळून राह्यला होता, बाप्पा. सदरा अंगाले चिकटलेला. सकाळच्या थंडीचा! माह्या माठातलं पाणी मागितलं अन् दोन तांबे घटाघटा पेला."

ज्यानं हिवताप पाहिलाय त्याला माहीत असतं. आधी हुडहुडी, मग ताप, आणि सगळ्यात शेवटी घाम. घाम फुटला की घरची माणसं म्हणतात, सुटलो.

देवीलालला त्याच्याच ट्रकच्या हौद्यात निजवलं आणि मी गाडी तांड्याकडे काढली. दुसरं कुणी चालवायला तयार नव्हतं. केबिन भट्टीसारखी तापली होती. मी हीटरचा नळ बंद केला, खिडक्या उघडल्या, तरी कपाळावरून धारा वाहत होत्या. डावीकडे मी एकदाही मान वळवली नाही. वळवायची गरजही नव्हती. तिथं कुणी नव्हतं, ते मला अंगावर कळत होतं. आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तांड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बातमी आधीच आली होती. बायांचं रडणं शिवारापर्यंत ऐकू येत होतं. माणसांनी देवीलालला उतरवून घेतलं. पण त्याची आई धनीबाई बाहेर आली नाही. कुणीतरी म्हणालं, ती दुपारपासून आतच आहे, हाक मारली तरी ओ देत नाही. म्हणून मी आत गेलो.

चूल विझलेली होती. कोपऱ्यात खाट, आणि खाटेपाशी जमिनीवर धनीबाई बसली होती. पदरानं वारा घालत.

"माय," मी म्हटलं, "देवीलालले आणलं…"

"हळू बोल, बाबू." तिनं मागे वळून पाहिलं नाही. "आत्ताच डोळा लागला."

खाटेवर एक गोधडी पसरलेली होती. तिच्याखाली कुणी नव्हतं. मी जवळ गेलो. म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि हात गोधडीवर ठेवला. गोधडी ओलीचिंब होती, आणि गरम.

"घाम आला," ती म्हणाली. "लय दिवसांनी उतरला धाकट्याचा ताप."

बाहेर अंगणात देवीलालच्या सरणासाठी लाकडं फोडायला सुरुवात झाली होती. एकेक घाव घरात घुमत होता. धनीबाईनं पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रडण्याची एकही खूण नव्हती.

"तेयले सांग, बाबू," ती म्हणाली, "आवाज नोका करू म्हणा."