चंद्रावर कोळी कुठून आला?

"अगं शालू, तुझ्या ओठावरनं कोळी फिरलाय की."

फोनच्या पडद्यावर सोलापूरच्या मंदाकाकू डोळे बारीक करून बघत होत्या. शाल्मली आरशाकडे वळली. खालच्या ओठाच्या कडेला पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठला होता. काल तिथं नुसतीच चुणचुण होत होती.

"कोळी? इथे?"

चंद्रावरून पृथ्वीवर आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी तेवढाच. त्यामुळे काकूंशी बोलताना प्रत्येक प्रश्नानंतर थोडं थांबावं लागे.

"व्हय तर. झोपेत फिरला आसंल. तूप लाव, आणि त्याला धरून बाहेर टाक."

"काकू, बाहेर हवा नाहीये."

"मग तर बरंच. परत यायचा न्हाई."

फोन संपला. वसाहतीत कोळी शिरला असेल, तर तो पाळण्यातही जाईल. पाळण्यात तिचा भाचा होता. दादा तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा, म्हणून ती दहाव्या वर्षीच आत्या झाली होती. परवा बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्यासाठीच ती आईबरोबर चंद्रावर आली होती. दादा-वहिनीनं नाव फक्त तिला सांगितलं होतं. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं यान सुटणार होतं.

"नोंदू, आपल्याकडे कोळी किती आहेत?"

नोंदू म्हणजे वसाहतीतल्या प्रत्येक सजीवाची नोंद ठेवणारा यंत्रमानव. तो शाल्मलीच्या खांद्याला लागेल एवढाच होता.

"माणसं एकशे पाच, बाळ धरून. कोंबड्या चाळीस. गांडुळं मोजून झालेली नाहीत, ती हलतात. कोळी शून्य. दुसरं कुणी नाही."

"मग माझ्या ओठावर कोण फिरलं?"

"माहीत नाही. शोधायला मी तयार आहे."

नोंदूनं दिवा लावला आणि दोघं बाळाच्या खोलीकडे पळत सुटली. चंद्रावर पळायचं म्हणजे लांब लांब उड्याच. शाल्मली दाराला हात लावणार, तोच मागून आवाज आला.

"शाल्मली, तिथंच थांब. आत जाऊ नकोस."

वसाहतीच्या डॉक्टर वैजयंती बनसोडे, म्हणजे सगळ्या मुलांच्या डॉक्टरमावशी, तिच्या ओठाकडे पाहत होत्या.

"आत कोळी असेल, मावशी. काकू म्हणाल्या, तूप लाव आणि त्याला धर. बाळाला चावेल."

"तो कोळी कुठं आहे, ते मी तुला दाखवते. आधी आठवून सांग. कालपासून बाळाला घेतलंस? पापा घेतलास?"

"नाही. काल दिवसभर मी पाळण्यासाठी कागदी साखळ्या करत होते."

डॉक्टरमावशींनी श्वास सोडला. "छान झालं. तरी मी त्याला तपासते आणि वहिनीलाही सांगते. त्या साखळ्या आपण भिंतीला लावू, पाळण्याला नको. चल."

दवाखान्यात त्यांनी कापसाचा बोळा फोडावर अलगद टेकवला आणि नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर काटेरी गोळे दिसू लागले. शेकडो, सगळे एकसारखे.

"हा तुझा कोळी. पाय नाहीत, जाळं नाही. हा विषाणू (दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय ज्याला वाढता येत नाही असा अतिसूक्ष्म कण). ओठांवरचे असे फोड हाच आणतो."

शाल्मली नोंदूकडे वळली. "तू तर म्हणालास, दुसरं कुणी नाही."

"विषाणू माझ्या यादीत नाही," नोंदू म्हणाला. "त्याला सजीव म्हणायचं की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही."

"त्यावर अजून आमचंही एकमत नाही," डॉक्टरमावशी हसल्या.

"पण तो इथे आला कसा?"

"तुझ्याबरोबरच, यानातून. तिकीट न काढता." त्यांनी शाल्मलीच्या कानासमोर, न टेकवता, बोट धरलं. "तू लहान असताना कधीतरी कुणीतरी तुझा पापा घेतला असेल, किंवा उष्टा चमचा तुझ्या तोंडात गेला असेल. तेव्हा हा आत शिरला. ओठापासून आत मज्जातंतू (शरीरातले निरोप वाहून नेणारे धागे) जातात. त्या धाग्यावरून हा आत सरकला आणि कानाच्या जवळ, कवटीच्या आत धाग्यांचं एक गाठोडं असतं, त्यात जाऊन झोपला."

"इतकी वर्षं?"

"हो. शरीराचे पहारेकरी जागे असतात तोवर तो गप्प राहतो. ताप आला, कडक ऊन लागलं, जागरण झालं, मनावर ताण आला, की पहारा सैल पडतो. मग हा त्याच धाग्यावरून उलटा ओठाकडे येतो. यानात तू झोपली होतीस का?"

"नाही. बाळाचाच विचार येत होता." मग तिनं हळूच विचारलं, "मला कुणी दिला हा?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. देणाऱ्यालाही माहीत नसेल. पृथ्वीवर पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांमधल्या जवळजवळ दोघांत हा झोपलेला आहे. पुष्कळांना एकदाही फोड येत नाही. यात ना कुणाचा दोष, ना लाज वाटण्यासारखं काही."

त्यांनी तिला औषध दिलं आणि तिच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदी साखळीचा एक तुकडा ओढून घेतला. "विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या नकला काढतो. प्रत्येक नकलेसाठी त्याला अशी एक साखळी जोडावी लागते. औषधातली कडी दिसते खऱ्यासारखी, पण तिच्यात पुढची कडी अडकतच नाही. विषाणू फसतो आणि साखळी तिथंच थांबते. म्हणून चुणचुण सुरू होताच औषध घ्यावं."

"म्हणजे काल सांगायला हवं होतं. मग तो मरेल?"

"फोड लवकर सुकतील. गाठोड्यातला मात्र झोपलेलाच राहील. खपली निघून कातडी नीट होईपर्यंत फोडाला हात लावायचा नाही. लागलाच तर साबणानं धुवायचा, डोळ्याला तर मुळीच लावायचा नाही. पेला, टॉवेल वेगळा. आणि काकूंचं तूप लावायचं तर वाटीत वेगळं काढून घे. खपली मऊ राहील, विषाणूला त्याचं काही नाही."

"आणि परवा? कानात नाव?"

डॉक्टरमावशींनी मान हलवली. "नाही, बेटा. तुला हा फोड आठवडाभराचा त्रास. पण इतक्या लहान बाळाचे पहारेकरी अजून तयार झालेले नसतात. त्याच्या अंगात हा शिरला तर मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तुझ्याऐवजी आई सांगेल नाव."

"आई आजी आहे," शाल्मली म्हणाली. "आत्या मी आहे."

ती खोलीत जाऊन बसली. विषाणू धाग्यावरून आत गेला, धाग्यावरूनच बाहेर आला. धाग्यावरून काय काय जातं... ती ताडकन उठली आणि थेट छताला लागली.

"नोंदू, पुठ्ठ्याचे दोन पेले आण. आणि शिवणकामाचा दोरा."

थोड्या वेळानं ती दवाखान्याच्या दारात होती. "मावशी, पेल्यात बोललं की पेल्याचा तळ थरथरतो. थरथर दोऱ्यावरून जाते आणि पलीकडचा तळ तसाच थरथरतो. म्हणजे फक्त आवाज जाईल. पण विषाणू या दोऱ्यावरून नाही ना जाणार?"

"उत्तम प्रश्न," डॉक्टरमावशी म्हणाल्या. "नाही. मज्जातंतू जिवंत असतो. पेशीच्या आतली वाहतूक विषाणूला वाहून नेते. सुती दोऱ्यात तसं काही नाही. तरी तू मास्क लाव, आणि बाळाकडचा पेला नोंदूनंच बनवायचा. तू त्याला बोटही लावायचं नाही."

बारशाला पाळण्यापासून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला शाल्मली उभी राहिली. दादानं बाळाच्या कानाजवळ पेला धरला. ती बोलली. बाळानं जांभई दिली.

"काहीच ऐकू येत नाही," दादा म्हणाला.

"दोरा खुर्चीला टेकला आहे," नोंदू म्हणाला. "थरथर खुर्चीत जाते आहे. खुर्चीचं बारसं होईल."

दादानं पाय मारून खुर्ची सरकवली. शाल्मली एक पाऊल मागे गेली. दोरा ताठ झाला.

"कुर्रर्र," ती पेल्यात कुजबुजली, आणि मग नाव.

बाळाचे डोळे उघडले. त्यानं मान पेल्याकडे वळवली. पेला धरलेल्या दादाला ते ऐकू आलं. "मृगांक," तो सगळ्यांना म्हणाला.

नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत. आईनं घातले, वहिनीनं घातले. नोंदूनं विचारलं, "जोर किती?"

दुसऱ्या दिवशी शाल्मली यानात बसत असताना डॉक्टरमावशींनी उन्हापासून ओठ जपणारं मलम तिच्या हातात ठेवलं. "हा विषाणू अंगात शिरूच नये अशी लस करायचं काम चाललंय. गाठोड्यातल्या झोपलेल्याला गाठायचंही. अजून जमलेलं नाही."

"का जमलेलं नाही?"

"तो झोपलेला असताना पहारेकऱ्यांना दिसतच नाही. त्याला कसं शोधायचं, हा खरा प्रश्न आहे."

यान उठलं तरी शाल्मली त्याच प्रश्नात होती. इतक्यात मंदाकाकूंचा फोन आला.

"सापडला का गं कोळी?"

"कोळी नव्हताच, काकू. पण धागा होता." ती हसली. "घरी आले की सगळं सांगते. आज मला वेळेवर झोपायचंय."