नऊ चाळीसची हाक

मंगळवार, सकाळी नऊ चाळीस. घोटावड्याजवळच्या एका रुग्णालयात, ऑपरेशन थिएटर दोनच्या स्क्रीनवर मेलेल्या माणसाचं नाव आलं.

यात पदरचं काही नाही. तिथल्या सिस्टरने सांगितलं तसंच लिहिलं आहे. फक्त नावं बदलली आहेत.

सिस्टर पल्लवीने स्क्रीन दोनदा वाचली.

गेणू... हजर.

गेणूबाबा धनगर. तीन आठवड्यांपूर्वी, अशाच मंगळवारी, हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. उपाशीपोटी, खांद्यावर घोंगडी.

"पोरी, आमच्यापरीस मेंढरू बरं. त्याला कापायच्या आदुगर चारत्यात तरी."

पल्लवी हसली होती. "इथंच बसा बाबा. नंबर आला की कळेल."

थिएटर रिकामं राहू नये म्हणून नवी यंत्रणा बसली होती. दिवसाला चारच्या जागी सहा ऑपरेशनं होऊ लागली होती. नाव स्क्रीनवर येणार. दहा मिनिटांत रुग्ण नोंदणीच्या खिडकीशी आला नाही, तर 'गैरहजर', आणि पुढचा आत.

यंत्रणा येण्याआधी पल्लवी दारात येऊन हाक मारायची.

गेणूबाबांना वाचता येत नव्हतं.

'गैरहजर' दिसलं तेव्हा पल्लवीला वाटलं, भूक सोसली नसेल, गेले असतील घरी. तिने बाहेर डोकावलं नाही.

ते दुपारपर्यंत स्क्रीनसमोरच बसून होते.

पुढची तारीख महिन्याने मिळाली. नवव्या दिवशी आतडं अडकलं. रुग्णालयापर्यंत पोचलेच नाहीत.

त्यांची बायको बयाबाई कागद न्यायला आली. रडली नाही.

"येक हाक मारायची हुती गं. रानातला मानूस. हाकंला उटला न्हाई असं कंदी झालं न्हाई."

आता मंगळवारी तेच नाव समोर होतं. पल्लवीने ते स्क्रीनवरून काढून टाकलं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा आलं. नऊ चाळीस. हजर.

यंत्रणा बसवणाऱ्या माणसाने तासभर तपासलं. "मॅडम, नोंद कुणी केली तेच दिसत नाही."

स्क्रीनसमोरचा बाक तेवढा रिकामा होता. गर्दीत लोक उभे, पण त्यावर कुणी बसत नव्हतं. जवळ गेलं की वास यायचा...

ओल्या लोकरीचा.

तिसऱ्या मंगळवारी पल्लवी दारात जाऊन उभी राहिली. तिने हाक मारली.

"गेणूबाबा... चला आत."

काठी टेकल्याचा आवाज आला. एक... दोन... तिच्या अंगावरून आत गेला.

स्क्रीनवर 'हजर' जाऊन 'आत घेतले' आलं.

थिएटर दोनमध्ये कुणीच नव्हतं.

याला आज अकरा दिवस झाले. ऑपरेशनं रोज होतात. पण यादीतली पहिली ओळ, गेणूबाबांची, हलत नाही. तिच्यापुढे 'बाहेर आणले' ही जागा अजून कोरी आहे.