चारही पडद्यांवरची पत्रिका

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून निवृत्ती शेजारच्या दुकानात शिरला... आणि बहिणीच्या लग्नाची पत्रिका राहिली बाजूलाच! नांदुऱ्याच्या एसटी स्टँडसमोरचं, पत्रिका-बॅनर करून देणाऱ्या कोकिळाचं ते छोटंसं दुकान. संगणक एकच, गिऱ्हाइकं मात्र दाराबाहेरपर्यंत. आणि ही शांत! एकाच संगणकात तिनं चार पडदे मांडले होते. एकावर पत्रिका, दुसऱ्यावर बॅनर, तिसऱ्यावर फोटो, चौथ्यावर परीक्षेचे अर्ज. तीन कळा एकदम दाबल्या की अख्खा पडदा खिडक्यांसकट सरकायचा आणि दुसरा पुढे यायचा. कशात काही मिसळत नव्हतं.

निवृत्ती बघतच राहिला. पडद्याकडे कमी, तिच्या बोटांकडे जास्त.

"तुमचा घोटाळा नाही होत?"

"काऊन होईल? ज्याचं त्याच्या जागेवर ठेवलं की झालं," म्हणत तिनं कपाळावरची बट मनगटानं मागे सारली. झालं! पठ्ठ्या गेला कामातून.

आमच्याकडे पत्रिकेत एका नातेवाइकाचं नाव सुटलं, तरी तो मांडवात येऊन रुसतो. निवृत्तीनं याच रीतीचा आधार घेतला. रोज दारात उभा — "एक नाव राह्यलं." कधी चुलते, कधी आत्या. नातेवाईक संपले तरी गडी थांबेना.

"हे नारायणराव मामा परवाच टाकले ना?" एकदा कोकिळानं हसू दाबत विचारलं.

"ते... हे दुसरे नारायणराव."

"असं? किती मामा आहेत हो तुमाले?"

"तुम्ही म्हणाल तितके."

शेवटी पत्रिका छापायला जायचा दिवस उजाडला. उद्यापासून इथं यायला निमित्त उरणार नव्हतं. कोकिळा एका गिऱ्हाइकाला बॅनर द्यायला बाहेर गेली, तेव्हा निवृत्तीला राहवलं नाही. तिच्यासारख्याच कळा त्यानं दाबल्या. पडदा सरकला, बॅनर आले... पण कोपऱ्यात बहिणीची पत्रिका तशीच! पुन्हा दाबल्या. फोटो आले, पत्रिका तिथंही. अर्जांवरही पत्रिका होतीच. त्यानं झटकन कळांवरून हात काढला.

"माझ्या हातानं बिघडलं वाटते," ती आत येताच तो म्हणाला. "पत्रिका सगळीकडेच येऊन राह्यली!"

कोकिळाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बिघडलं नाही... एखादी खिडकी सगळ्या पडद्यांवर ठेवता येते. मीच ठेवली."

"ज्याचं त्याच्या जागेवर म्हणत होत्या ना? मग हीच काऊन?"

"तुम्ही कधी येऊन उभे राहाल, नेम नाही," ती हळूच म्हणाली. "आन् नाही आले... तर पाहत बसते मी तिच्याकडे."

निवृत्तीला ती फार आवडत होती, पहिल्या दिवसापासून. पण एवढ्या हुशार पोरीला सांगावं कसं? अखेर त्याला रोजचेच शब्द आठवले.

"एक नाव राह्यलं."

"आता कोणते मामा?"

"मामा नाही... घरची सून. कोकिळा."

ती खाली बघून हसली.

"ते नाव या पत्रिकेत नाही बसत. त्याले दुसरी पत्रिका लागते. रविवारी तुमच्या आईले आमच्या घरी पाठवा."

मग तिनं बहिणीची पत्रिका छापायला पाठवून बंद केली, एक कोरं पान उघडलं आणि ते चारही पडद्यांवर ठेवलं.