खिडकीला टाकलेला रुमाल

ऐकायचं तर मध्ये बोलायचं नाही. शिवा, कंदिलाची वात चढवू नको रे, तेल थोडं आहे. आणि खोटं वाटलं तर उद्या हातखंब्याला जा, सहदेव गुरुजींनाच विचारा.

सहदेव माझा शाळेपासूनचा दोस्त. भूगोल शिकवायचा, पण स्वतः मुंबईच्या पलीकडे गेला नव्हता. त्याला नि शालनवहिनींना एकच वेड, चीन! ह्युएन त्संग आपल्याकडचे बुद्धाचे ग्रंथ जिथे घेऊन गेला ते सिआन बघायचं, नि तेही आगगाडीने. वहिनींनी जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. तेव्हा आपल्याकडे कुठली असायला! त्यांना माहीत फक्त एसटी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, तिकीट त्याच रुमालाच्या टोकाला दोन गाठी मारून बांधायचं.

संध्याकाळी पुढच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचे. गुरुजी वहीतून गावं वाचणार, "कँटन, शांघाय, नानकिंग," नि थांबणार. पुढचं वहिनींनी सांगायचं.

"लोयांग! आणि अहो, खिडकी माझी हां. रुमाल टाकून ठेवा."

"वहिनी, पेकिंगला कंडक्टर घंटी मारेल, उतरा लवकर," असं मी चिडवायचो. त्या मला "मेल्या" म्हणायच्या.

मुंबईच्या एका सहलवाल्याकडे दोघांची नावं घातली. आणि डिसेंबरात वहिनी तापाने गेल्या. मी रडलो, लपवत नाही. चितेवर सहदेवने त्यांच्या मुठीत तो रुमाल दिला. पांढरा, कडेला लाल दोरा. माझ्या डोळ्यांदेखत जळला तो.

सात फेब्रुवारी सत्त्याऐंशी, शनिवार. रात्री साडेआठला मी माझे पासपोर्टचे फोटो द्यायला त्याच्याकडे गेलो. सहलवाल्याने कळवलं होतं, मोकळ्या जागेवर दुसरं नाव द्या.

"एकटा जाऊन काय करू, धोंडू? तू चल," सहदेव म्हणाला होता. मला मोह झाला. चीन बघायला कोण नको म्हणेल?

त्याने वहीत वहिनींच्या नावावर रेघ मारली. खाली माझं नाव लिहिलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. खुर्ची रिकामी होती. बघून बसलो मी, आयशप्पत.

तेवढ्यात लाइट गेली. सहदेवने मेणबत्ती लावली नि वही वाचायला घेतली.

"कँटन... शांघाय... नानकिंग..."

सवयीने थांबला. मला पुढचं गाव आठवेना.

"लोयांग."

मी बोललो नव्हतो.

सहदेवही नाही. त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज बाईचा होता. आणि दुरून नाही... माझ्याच खुर्चीतून. माझ्या कानापाशी.

मेणबत्ती हलत नव्हती. वारा नव्हता. सहदेव माझ्याकडे बघत होता... नाही, माझ्याकडे नाही. माझ्या जरा बाजूला.

"धोंडू," तो पुटपुटला, "ऊठ."

पाय उचलेनात.

"ऊठ ना रे..."

उठलो. कसा, ते विचारू नका.

खुर्चीत रुमाल होता.

पांढरा. कडेला लाल दोरा. ना राख, ना डाग.

मी त्याच्यावर बसलो होतो.

मी पळालो. चपला तिथेच राहिल्या. आठ दिवस तापाने फणफणलो, नि रोज वाटायचं, कोणीतरी आपल्याला जागेवरून उठवतंय.

सहदेवने माझं नाव खोडून वहिनींचं परत लिहिलं. ऑक्टोबरात गेला, दोन जागा घेऊन. दर गाडीत खिडकीपाशी तोच रुमाल टाकायचा. डबे खच्चून भरलेले, माणसं तासन् तास उभी. पण त्या जागेवर येऊन कोणी बसलं नाही. यायची, थबकायची, नि कोणी बसलेलं असावं तशी मान लववून पुढे जायची. हे त्याने परत आल्यावर मला सांगितलं.

मग त्याने खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला. टोकाला दोन गाठी होत्या.

"तू मारल्यास?"

"नाही रे."

"तिकीट आहे आत?"

"तिकिटं सगळी गाइडकडे असायची. आमच्या हातात कधी दिलीच नाहीत."

मी भीतभीत बोटाने चाचपलं. आत काहीतरी कडक होतं. पुठ्ठ्याचं. चौकोनी.

गाठी अजून तशाच आहेत. सोडायची ना त्याची छाती झाली, ना माझी.