मरुवाटाणीची झोप

जैसलमेरजवळच्या सुप्ती-प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी नाडगौडा पुन्हा एकदा नवऱ्याच्या काचपेटीशी येऊन उभी राहिली. यशोधनचा श्वास तसाच, अगदी संथ चालू होता. त्याची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. त्या आजारावर तेव्हा औषध नव्हतं, म्हणून इतर रुग्णांबरोबर तिनंच त्याला झोपवलं होतं. आता औषध निघालं होतं. जागं करणारं द्रव्य सगळ्यांना सारखंच दिलं. उठले मात्र निम्मेच.

“माझं काय चुकलं, सर?” तिनं विचारलं. आवाजात त्रागाही उरला नव्हता.

वनस्पतिशास्त्रज्ञ केळुसकरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. वाळूत मरुवाटाणी फुलली होती. वाटाण्याच्या कुळातलं हे बहुवर्षायू रानफूल. झोप आणणारं प्रथिन तिच्याच मुळांतून काढलेलं.

“काही चुकलेलं नाही. पाऊस चांगला झाला तरी हिची कितीतरी मुळं त्या वर्षी कोंबच काढत नाहीत. जिवंत असतात, पण जमिनीखालीच राहतात. पाऊस फसवा निघाला, तर वर आलेली करपतात, खालची वाचतात. हा गुण त्या प्रथिनातच आहे. द्रव्य सगळ्यांच्या रक्तात भिनलंय. कोणी उद्या उठेल, कोणी दोन वर्षांनी.”

“आणि उठल्यावर पुन्हा झोपवायचं झालं तर?”

“शरीर ते प्रथिन दुसऱ्यांदा स्वीकारत नाही.”

उठलेले नवं औषध घेऊन घरी गेले. त्यांच्या बायका पेढे घेऊन आल्या. शर्वरीनं ते हसून घेतले आणि तसेच टेबलावर ठेवून दिले.

उन्हाळ्यात त्यांतला एकजण धापा टाकत परत आला. मग दुसरा. औषधाचा परिणाम ओसरला होता. पावसाळ्यापर्यंत बहुतेक सगळे गेले.

“नव्या औषधाला वर्ष तरी लागेल,” केळुसकर म्हणाले. “झोपलेले वाचले, शर्वरी.”

त्यानंतर ती रोज पेटीजवळ बसायची. इतके महिने ‘ऊठ’ म्हणणारी ती आता मनातल्या मनात ‘उठू नकोस’ म्हणायची. तेही म्हणून म्हणून ती थकली.

नवं औषध यायच्या आधीच एका दुपारी यशोधनच्या पापण्या हलल्या. तिनं झाकण उघडलं.

“शरू,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मिळालं औषध?”

तिनं त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मिळालं,” ती म्हणाली. “आधी चहा घेतोस?”